राहून गेलेली ओळ

जेबा पाळण्यात झोपली की मिस्बाहच्या हाती चाळीस मिनिटं लागत. पलीकडच्या खोलीतला छापखाना बंद असला तर पन्नास. या वेळात भांडी नाहीत, कपड्यांच्या घड्या नाहीत, हे तिनं सासूला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. जहाँआराबींनीही ते मान्य केलं होतं. शेजारणींनी विचारलं की त्या अभिमानानं सांगत, "बहू लिखती है." काय लिहिते असं विचारलं की मात्र विषय बदलत, कारण दोनदा समजावून घेऊनही त्यांना ते उमगलं नव्हतं.

तसं अवघड काही नव्हतं. जेबा होण्याआधी चार वर्षं मिस्बाह अकोल्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हर खोलीत कामाला होती. तिथं एक दणकट यंत्र होतं आणि त्याच्या पोटात दहा-बारा यंत्रं. खरी नव्हेत, पण अगदी खऱ्यासारखी वागणारी. एकावर हजेरी, एकावर परीक्षा, एकावर पत्रव्यवहार. प्रत्येकाला वाटायचं, सगळं घर आपलंच आहे.

"म्हणजे आपल्या मोहल्ल्यासारखं," दानिश, तिचा नवरा, म्हणाला होता. "एक नळ, बारा घरं. फक्त तुमच्याकडं भांडणं होत नसतील."

"होतात की! ती मिटवायलाच तर मला ठेवलं होतं."

हे मिटवणं कसं करायचं ते ती इंटरनेटवर मराठीत लिही. बाळापूरच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहायचं सुचलंच नाही. आणि गंमत अशी, की वऱ्हाडातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा, कापसाच्या जिनिंगची ऑफिसं, दवाखाने, जिथं जिथं एखादा एकटा माणूस असं एखादं यंत्र सांभाळत बसलेला असे, तिथं तिथं तिचे लेख उघडले जात. अचलपूरच्या एकानं तर लेखाचे कागद काढून यंत्राच्या दारावरच चिकटवले होते.

ते वर्ष दोन हजार चौदाचं. मार्चात गारा पडल्या. कापणीला आलेला गहू झोपला, संत्र्याच्या झाडाखाली फळांचा सडा पडला, आणि त्याआधीची दोन-तीन वर्षंही कुणाला धड गेलेली नव्हती. गारा पडून आठवडा झाला तरी अकोल्याच्या बाजारात माणसं हळू आवाजात बोलत होती.

त्याच मार्चातल्या एका मंगळवारी, जेबा नुकती झोपलेली, मिस्बाहनं लॅपटॉप उघडला आणि फोन थरथरला. कुलदीप होता.

कुलदीप अमरावतीचा. वय चोवीस-पंचवीस. दिवसा एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करी आणि संध्याकाळी 'फोनघरा'त फुकट राबे. फोनघर म्हणजे शेतकऱ्यांच्या घरच्यांसाठी चालवलेली फोनसेवा. ज्याच्या घरात कुणी गप्प झालंय, जेवत नाही, रात्र रात्र बांधावर बसतंय, त्यानं फोन करावा. वच्छलाताई म्हणून एक निवृत्त परिचारिका ती चालवायच्या. आलेला प्रत्येक फोन नोंदवायचा, आणि ज्याला 'आम्ही परत फोन करतो' असं सांगितलं त्याला ठरल्या दिवशी परत फोन करायचाच, हा त्यांचा नेम. या नोंदी ज्या यंत्रात असत, ते कुलदीपच्या ताब्यात.

"ताई," त्याचा आवाज कोरडा पडला होता. "अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"मी नवीन सॉफ्टवेअर टाकाच्या आधी स्नॅपशॉट घेतला होता. तुमच्या लेखात होतं तसा. काल प्रोग्राम अडकला. म्हटलं, मागं जाऊ, दोन मिनटात सगळं पहिल्यासारखं होते. गेलो मागं. अन् सगळंच पहिल्यासारखं झालं ताई. अकरा दिवस आधीसारखं."

स्नॅपशॉट म्हणजे त्या खोट्या यंत्राचा त्या क्षणी काढून ठेवलेला फोटो. काही बिघडलं तर यंत्राला सांगायचं, बाबा, फोटोत होतास तसा हो. ते निमूट तसं होतं. फोटोनंतर जे जे घडलं ते सगळं सोडून देतं.

"आणि बॅकअप?" मिस्बाहनं विचारलं. "रोज वेगळ्या डिस्कवर नक्कल घेत होतास ना?"

"स्नॅपशॉट होता ना ताई. म्हटलं, आता नकलेची काय गरज."

ते वाक्य कुठून आलं होतं ते तिला ठाऊक होतं. तिनंच लिहिलं होतं: स्नॅपशॉट असला की निर्धास्त राहा.

"फोनच्या डब्यात," ती घाईनं म्हणाली, "आलेले नंबर साठतात ना? ते बघ. नावं नाही, पण नंबर तरी मिळतील."

"हाव! हे सुचलंच नाई मले." त्याचा आवाज एकदम उजळला. "ताई, तुमी नसत्या तर काय केलं असतं."

फोन ठेवल्यावर तिनं लेख उघडला. सव्वा महिन्यापूर्वीचा. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. जेबाला दात येत होते, अंग गरम होतं, झोप अर्ध्या तासाची. शेवटचा परिच्छेद मनात तयार होता: काम नीट झालं की स्नॅपशॉट काढून टाका. तो बॅकअप नव्हे. तुम्ही मागे गेलात की मधलं सगळं जातं. तिनं बोटं कळांवर ठेवली आणि पाळण्यातून रडू आलं. एका हातानं पाळण्याची दोरी ओढत तिनं दुसऱ्या हातानं लेख प्रसिद्ध केला. नंतर लिहू, म्हणाली. नंतर दूध उतू गेलं, पाहुणे आले, ताप चढला. ओळ राहूनच गेली.

आणि आता तिच्या हातून जे झालं ते तिनं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. जखमेवर हात जावा तसे हात गेले. त्या तीन ओळी तिनं लेखाच्या शेवटी टाकल्या, 'निर्धास्त राहा' मधलं 'निर्धास्त' काढून 'तात्पुरते निश्चिंत' केलं, आणि जतन केलं. तारीख जुनीच राहिली. कुणाला कळायचं कारण नव्हतं. पुढच्या कुणाची फसगत नको, असं तिनं स्वतःला सांगितलंही.

जेबा अजून झोपेत होती. दहा मिनिटं उरली होती, पण मिस्बाहला बसवेना. तिनं कुणी न सांगता भांडी घासायला घेतली. जहाँआराबींनी दारातून पाहिलं.

"आज लिखना नहीं?"

"हो गया अम्मी."

बुधवारी दुपारी पुन्हा कुलदीप.

"ताई, नंबर मिळाले. एकशे सदतीस. वच्छलाताई अन् दोघी जणी लावून राहिल्या, पण नवे फोनही येतच आहेत ना. यातले परत फोन कराचे कोन्ते होते, तेच माहीत नाई." मग अडखळला. "अजून एक सांगाचं होतं. मी तुमच्यावर ढकलल्यासारखं बोललो काल. आज लेख पुन्हा काढला. स्पष्ट लिवलेलं हाये खाली. बॅकअप नव्हे, मधलं सगळं जाते. मी वाचलंच नाई ताई. माह्या डोयासमोरून गेलं अन् मी वाचलं नाई."

मिस्बाहनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मी असा कसा हाये, काय माईत," तो म्हणाला. "वच्छलाताईंनी अजून काई म्हटलं नाई. पण मीच सांगतलं त्याईले, दुसरा माणूस पाहा. ज्याले लिवलेलं वाचता येत नाई त्यानं अशा कामात राहू नये. रविवारी बडनेऱ्याले वाचतो अन् मोकळा होतो."

"कुलदीप—" ती म्हणाली. तेवढ्यात त्याला दुकानात कुणी हाक मारली आणि फोन बंद झाला.

बडनेऱ्याचं असं होतं. अकोला आणि अमरावती दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही यंत्रं सांभाळणारी मंडळी महिन्याच्या चौथ्या रविवारी जमत. पंधरा-वीस जण, एकमेकांशिवाय ज्यांचं बोलणं कुणाला कळत नाही असे. घरून आणलेले डबे टेबलावर ओळीनं ठेवायचे, पण उघडायचे नाहीत. आधी ज्याच्या हातून त्या महिन्यात चूक झाली त्यानं ती कागदावर लिहून आणून वाचायची. सुरुवात 'माझ्या हातून' या दोन शब्दांनी, आणि दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. वाचून झालं की कागद सगळ्यांना धाडायचा, म्हणजे ती चूक पुन्हा दुसऱ्यानं करायची गरज उरत नाही.

हा पायंडा रामरावांचा. अमरावतीतल्या एका कॉलेजात तीस वर्षं यंत्रं सांभाळलेला माणूस. मिस्बाहनं पहिल्यांदा वाचलं, चुकीचंच यंत्र बंद केल्याचं, तेव्हा खोली हसून हसून लोळली होती आणि रामराव म्हणाले होते, "लिहीत जाय पोरी. तुह्यं लिवलेलं समजते." तिचं लिहिणं तिथून सुरू झालं होतं.

म्हणजे रविवारी कुलदीप उभा राहील. नियमाप्रमाणं तो तिचं नाव घेणार नाही. 'माझ्या हातून वाचायचं राहिलं,' असं म्हणेल. आणि जे तिथं नव्हतंच ते न वाचल्याचा दोष त्या कागदावर कायमचा राहील.

गुरुवारी ती सैरभैर होती. जेबाच्या खिरीत मीठ पडलं. लॅपटॉप उघडायची, तो लेख बघायची, मिटायची. त्या तीन ओळी अशा शांत बसल्या होत्या, जणू पहिल्यापासून तिथंच आहेत. दुपारी ती जेबाला कडेवर घेऊन छापखान्यात गेली. दानिश जमिनीवर मांडी घालून लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बारीक चिठ्ठ्या चिकटवत होता.

"हे काय?"

"वेळ चुकली. दुपारी बाराचं लग्न, मी रात्री बाराचं छापलं. सातशे पत्रिका." त्यानं जेबाच्या नाकाला खळ लावली. "पाव्हणे रात्री आले असते अन् मांडव सुना."

"पुन्हा छापल्या असत्या."

"तीनशे वाटून झाल्या होत्या ना. त्यांना कसं कळावं की चूक छापखान्याची? त्यांना वाटलं असतं, आपणच चुकून आलो. म्हणून चिठ्ठी. घरोघर जाऊन चिकटवून आलो कालपासून." मान वर न करता तो म्हणाला, "तुमचं बरं आहे. तुमच्याकडं पुसलं की पुसलं."

ती तिथंच उभी राहिली. जेबानं तिची ओढणी तोंडात घातली तरी तिला कळलं नाही.

"काय झालं?" दानिशनं आता वर पाहिलं.

तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. तो चिठ्ठी बोटावर धरून ऐकत राहिला. खळ वाळून गेली.

"मग जा रविवारी," एवढंच म्हणाला. "पॅसेंजर सकाळची आहे. अम्मीला मी सांगतो."

शुक्रवारी जेबा झोपली तेव्हा मिस्बाहनं लॅपटॉप उघडलाच नाही. जुन्या वहीचा कागद फाडला आणि पेनानं लिहिलं. दोनदा खोडलं. 'माझ्या हातून एक ओळ राहिली' हे सोपं होतं. पुढचं लिहायला जेबाची उरलेली सगळी झोप लागली.

रविवारी जेबा, तिची दुधाची बाटली, तीन दुपटी आणि डबा असा सगळा पसारा घेऊन ती बडनेऱ्याला उतरली. प्रयोगशाळेत पंखे घरघरत होते. डबे ओळीनं लागले होते. कुलदीप कोपऱ्यात हातात घडी घातलेला कागद घेऊन बसला होता, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या पातळातल्या एक बाई. वच्छलाताईच असणार. इथं त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"आज नवी मेंबर!" रामराव जेबाकडे पाहून म्हणाले. "काय बाप्पा, तू काय बिघडवलं?"

जेबानं त्यांचा चष्मा ओढला. खोली हसली. कुलदीप हसला नाही.

"चला, कोन वाचते?"

कुलदीप उठू लागला. मिस्बाह त्याच्या आधी उभी राहिली. जेबा कडेवर, कागद एका हातात.

"माझ्या हातून," तिनं वाचलं, "स्नॅपशॉटवरच्या लेखात एक ओळ लिहायची राहिली. ती ओळ नव्हती म्हणून अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. हे कळल्यावर माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. मंगळवारी मी ती ओळ गुपचूप लेखात घातली. कुणालाही सांगितलं नाही. त्यामुळं ज्यानं लेख नीट वाचला होता, त्याला वाटलं आपल्याला वाचता येत नाही. त्यानं नीट वाचलं होतं. तिथं काहीच नव्हतं."

तिला कुलदीपकडे बघवेना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नव्हती?" कुलदीप म्हणाला. "ताई, नव्हती ती ओळ?"

"नव्हती."

"मी चार राती..." तो बोलता बोलता थांबला. चेहरा लाल झाला होता. "मी स्वतःले इतकं वाईट बोललो चार राती. तुमी फोनवर गप्प बसल्या बुधवारी."

"हो."

"काहून?"

"भ्याले," ती म्हणाली. कागदावर हे नव्हतं. "लोक माझं लिहिलेलं वाचणं बंद करतील, म्हणून भ्याले. दिवसाची चाळीस मिनिटं माझी असतात कुलदीप. त्यात एवढं एकच करते मी."

तो खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. कुणीतरी पुटपुटलं, लेख काढून टाकावा. रामरावांनी मान हलवली.

"काढू नोको. सगळ्यात वर लिही, मोठ्या अक्षरात. कोन्त्या तारखेपर्यंत काय नव्हतं, अन् कोन्त्या तारखेले टाकलं. ज्यानं पहिले वाचलं त्याले समजलं पाह्यजे."

"झालं तुमचं?" वच्छलाताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज परिचारिकेचा होता, वॉर्डात ऐकू जाणारा. "ओळ कुणाची, कोण भ्यालं, ते ठेवा बाजूला. माझ्याकडं शंभरावर नंबर बाकी आहेत. त्यातल्या काही घरांत आमच्या फोनची वाट पाहत माणसं बसली आहेत. तुम्ही इतके जण इथं, प्रत्येकाच्या खिशात फोन. की फक्त मशीनशीच बोलता येतं?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. वच्छलाताईंनी पिशवीतून हातानं लिहिलेल्या नंबरांचे कागद काढून पत्त्यासारखे वाटले. "एवढंच विचारायचं: आम्ही परत फोन करायचं कबूल केलं होतं का? हो म्हणाले तर नाव-गाव लिहून मला द्या, पुढचं मी बघते. सल्ला द्यायचा नाही. आणि मशीन बिघडलं असं म्हणायचं नाही. आमच्याकडून नोंद हरवली, असं म्हणायचं."

"म्हंजे आमच्या हातून," रामराव म्हणाले.

"तेच."

डबे तसेच राहिले. कुणी जिन्यात गेलं, कुणी पेरूच्या झाडाखाली. बारा यंत्रांची भांडणं चुटकीसरशी मिटवणारी माणसं 'हॅलो' म्हणून घामाघूम होत होती. अचलपूरचा तो कागद चिकटवणारा गडी एका म्हाताऱ्याला चौथ्यांदा सांगत होता, "नाई काका, मी जावई नाई बोलून राहिलो." रामरावांच्या कागदावर दोन नावं चढली. जिन्यातून कुणी ओरडलं, "ताई, हे घ्या, हे हाव म्हणतेत!"

मिस्बाहच्या वाट्याला नऊ नंबर आले. पाच जणांचा साधा पिकाचा प्रश्न होता, सुटला होता. दोन लागले नाहीत. आठवा शिव्या देऊन बंद झाला. नववा बराच वेळ वाजला.

"हॅलो," बाईचा आवाज.

मिस्बाहनं ठरलेलं वाक्य म्हटलं.

"सोमवारी कराचा होता तुमी."

"हो. आमच्याकडून नोंद हरवली."

"मी बजारात गेलो नाई त्या दिसी. फोनपाशी बसलो. मंगळवारीबी बसलो." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "म्हटलं, इसरले असतीन. कोनाकोनाचं ध्यान ठेवतीन ते लोकं."

"तुमचं नाव सांगता?"

"पंचफुला. तिवश्याजवळचं गाव हाये आमचं. माहा लेक बोलत नाई, गारा पडल्या तवापासून. म्या सांगतलं होतं त्या बाईले सगळं."

"पुन्हा सांगावं लागणार नाही तुम्हाला," मिस्बाह म्हणाली आणि लगेच थबकली. हे खोटं होतं. "नाही. सांगावं लागेल, पंचफुलाबाई. मी वच्छलाताईंना देते फोन, आत्ता, इथंच आहेत त्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. चूक आमची आहे."

त्याच क्षणी जेबानं भोकाड पसरलं. अशा वेळी काय होतं ते मिस्बाहला चांगलं माहीत होतं: एक हात पाळण्याकडे जातो, दुसरा जे चाललंय ते कसंबसं संपवून टाकतो. तिनं फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं जेबाला थोपटू लागली. वच्छलाताई खोलीच्या पार त्या टोकाला, दुसऱ्या फोनवर होत्या. त्यांनी बोट वर केलं: एक मिनिट.

"लेकरू रडून राहिलं वाट्टे," पंचफुला म्हणाली. "घ्या त्याले. मी थांबतो."

"नको, ठेवू नका फोन."

"ठेवत नाई वं बाई. थांबतो म्हटलं ना."

खिडकीशी उभा असलेला कुलदीप वळला. मिस्बाहकडे त्यानं पाहिलं नाही. सरळ आला, जेबाला तिच्या कडेवरून उचललं, आणि खिशातली किल्ली तिच्या डोळ्यांसमोर वाजवत जिन्याकडे निघाला. दारात थांबून तो म्हणाला, "नाव लिवलं का, ताई? गावासंगट?"

तिनं पेन उचललं. कागदावर लिहिलं: पंचफुलाबाई, तिवश्याजवळ, लेक बोलत नाही, सोमवारची वाट पाहिली. मग वाचून पाहिलं, काही राहिलं का ते. गावाचं नाव राहिलं होतं.

"पंचफुलाबाई," तिनं विचारलं, "गावाचं नाव काय म्हणालात?"